आजारी लेकराची शाळा घरीच का भरते, त्यामागची पार्श्वभूमी

गावागावातल्या आया सध्या एकमेकींना जे विचारतात ना, की पोरगं महिन्यातले कितीतरी दिवस शाळेत जाऊच शकत नाही तं घरी शिकवलं तर चालते का, नाव कटते का, परीक्षेचं काय, अन् दवाखान्याचा खर्च कोणत्या कार्डावर बसते, हे प्रश्न वेगवेगळे वाटतात पण त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. पुण्या-मुंबईत होमस्कूलिंग म्हटलं की आईबापानं विचार करून, शाळेची पद्धत पटत नाही म्हणून लेकराला घरी ठेवलेलं असतं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात घरी शिकवणं बहुतेक वेळा ठरवून होत नाही, ते दुखण्यातून, अंतरातून अन् पैशातून होतं. या टिपणात सिकलसेलच्या (आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात) लेकरांवर भर जास्त आहे कारण तोच भाग मला जवळून माहीत आहे, बाकीच्या आजारांची गोष्ट बरीचशी तशीच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. सिकलसेल भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांमध्ये, अन् त्याच दशकात नागपूरच्या भागातही तो सापडला. म्हणजे सत्तर वर्षांच्या वर झाले डॉक्टरांना हे माहीत होऊन. गावात मात्र तो कितीतरी वर्षं "हाडं दुखतात", "कावीळ वारंवार होते", "लेकरू वाढतच नाही" याच नावानं राहिला, अन् अंगारे, मालिश, गावातल्या डॉक्टरचं सलाईन यावरच भागवलं गेलं. खर्चाचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकात सेवाग्रामकडच्या गावांमध्ये पीक निघालं की दर घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची अन् त्या बदल्यात दवाखान्यात सवलतीनं इलाज मिळायचा, अशी सोय उभी राहिली होती. रोख पैसा हातात नसलेल्या माणसाचा विमा कसा असावा हे त्या वेळी या भागाला समजलं होतं, पण ते त्या गावांपुरतंच राहिलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे अन् ती विसरली जाते. नव्वदच्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची तपासणी घरी जाऊन करण्याचा प्रयोग झाला, वजन घेणं, ताप बघणं, न्यूमोनिया ओळखणं, सगळं घरातच. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले तेव्हा त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झालेले दिसले. पुढे २०११ मध्ये हेच देशभर लागू झालं अन् आज आशा ताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ते त्यातूनच. जे लेकरू दवाखान्यापर्यंत पोचू शकत नाही त्याच्यापर्यंत सेवेनं चालत जायचं, हे विदर्भाच्या एका जिल्ह्यानं देशाला दाखवलं. आरोग्यात हे मान्य झालं, शिक्षणात मान्य झालं नाही, अन् माझ्या मते आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

आता शिक्षणाकडे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत अन् सक्तीचं शिक्षण, अन् आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. कायदा चांगलाच आहे, त्यानं लाखो पोरींची शाळा वाचवली याबद्दल मला शंका नाही. पण त्यात शिक्षण म्हणजे शाळेत जाणं असंच धरलेलं आहे. घरी शिकवणाऱ्या आईबापाचं काय, यावर कायदा स्पष्ट बोलतच नाही. दिल्लीच्या हायकोर्टात हा विषय गेला तेव्हा केंद्र सरकारनं आधी सांगितलं की स्वखुशीनं घरी शिकवणाऱ्यांना हा कायदा आडवा येत नाही, अन् मग ती भूमिका बदलली. तेव्हापासून आजपर्यंत घरी शिकवणं गुन्हा नाही अन् हक्कही नाही, अशा मधल्याच जागी अडकलेलं आहे. शहरातल्या कुटुंबाला यानं फारसा फरक पडत नाही, त्यांच्याकडे वकील असतो, ट्यूशन असते. गावात मात्र लेकरू न कळवता सलग महिनाभर गैरहजर दिसलं की ते शाळाबाह्य म्हणून गणलं जातं, अन् मास्तर घरी येतात ते नाव परत लावायला, शिकवायला नाही.

२०१२ ची दुरुस्ती हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वादाचा मुद्दा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. त्या वर्षी शिक्षण हक्काच्या कायद्यात बदल झाला, १ ऑगस्ट २०१२ पासून तो लागू झाला, अन् त्यात पहिल्यांदा घरी राहून शिकण्याचा पर्याय हक्क म्हणून लिहिला गेला. पण कोणाला? ज्याला बहुविकलांगता आहे किंवा तीव्र विकलांगता आहे त्या लेकराला. अन् तीव्र म्हणजे काय हे ठरवायला १९९९ चा एक वेगळा कायदा धरला, ज्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व अन् बहुविकलांगता एवढंच बसतं, अन् तीव्रतेची अट ८० टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे दार उघडलं खरं पण ते इतकं अरुंद की त्यातून मोजकीच लेकरं आत जातील.

हे असं का केलं यावर तेव्हा दोन बाजू होत्या अन् दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की अंथरुणावर असलेल्या लेकराला शाळेत आणाच असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन् त्याच्या आईवर जुलूम आहे, घरी शिक्षक गेला पाहिजे. दुसऱ्या बाजूला अपंगांच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढलेली माणसं होती, त्यांची भीती अशी की घरी शिकण्याचा पर्याय एकदा कायद्यात आला की शाळा त्याचीच पळवाट करतील, रॅम्प बांधायला नको, वेगळा शिक्षक ठेवायला नको, पोराला सरळ घरी बसवा अन् रजिस्टरमध्ये गृहाधारित शिक्षण लिहून टाका. ही भीती खोटी नव्हती. कितीतरी गावांत असं झालंही, नाव पटावर आहे अन् लेकराकडे महिनोन् महिने कोणी फिरकत नाही.

पण या भांडणात तिसरं लेकरू कोणालाच दिसलं नाही. जे कायमचं अंथरुणावर नाही, जे चालतं, खेळतं, वर्गात हुशार आहे, पण थंडी पडली की, ताप आला की, उन्हात पाणी कमी पडलं की त्याचे हातपाय, पाठ, पोट असं दुखायला लागतं की आठ-पंधरा दिवस उठता येत नाही. सिकलसेलचं एसएस पॅटर्नचं, म्हणजे आई अन् बाप दोघांकडूनही दोष आलेलं लेकरू असंच असतं. पुढे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, तो २०१७ पासून लागू झाला, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले अन् थॅलेसिमिया, हिमोफिलियासोबत सिकलसेलही यादीत आलं. आपल्या भागात याचा आनंद झाला अन् तो खराच होता. पण शिक्षण हक्काच्या कायद्यातली घरी शिकण्याची अट १९९९ च्या कायद्यालाच बांधलेली राहिली, त्यामुळे सिकलसेलचं लेकरू एका कायद्यात दिव्यांग झालं अन् दुसऱ्या कायद्याच्या दारात बाहेरच उभं राहिलं. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातही रक्ताचे आजार घेतले नाहीत. शिवाय टक्केवारी मोजण्याची पद्धत कायमच्या अपंगत्वाला धरून आहे, अन् हा आजार येतो-जातो. तपासणीच्या दिवशी पोरगं ठणठणीत दिसते, कागदावर टक्के कमी येतात, अन् चार दिवसांनी तेच पोरगं ग्रामीण रुग्णालयात सलाईनवर असते.

ओळखीतल्या एका घरी बघितलेलं सांगतो. सहावीतला मुलगा, धान कापणीचे दिवस, म्हणजे थंडी सुरू झालेली. मुलगा खाटेवर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी, शेजारी गणिताचं पुस्तक उघडं. आई अपूर्णांक शिकवत होती, ती स्वतः आठवी शिकलेली, एक भाकर चार जागी मोडून पाव म्हणजे काय ते दाखवत होती अन् मुलगा दुखण्यातही बरोबर उत्तर देत होता. भिंतीला खिळ्यावर कापडी पिशवी टांगलेली, त्यात केस पेपर, इलेक्ट्रोफोरेसिसचा म्हणजे सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, रेशन कार्डाची झेरॉक्स, फोलिक ॲसिडच्या गोळ्या, दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाचं पाकीट, सगळं एकाच जागी, कारण रात्री-बेरात्री निघावं लागलं तर शोधायला वेळ नसतो. शाळेच्या हजेरीत मात्र या दिवसांचं फक्त "गै" लिहिलं जातं. तो अपूर्णांक शिकला याची नोंद करायला कुठं रकानाच नाही.

खर्चाचा इतिहास याच्या बाजूनंच चालतो. राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले अमरावती अन् गडचिरोली होते, पुढच्या वर्षी राज्यभर झाली, दर कुटुंबाला वर्षाला दीड लाख. पिवळं अन् केशरी कार्ड लागायचं. नंतर पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर घेतलं पण फक्त १४ जिल्ह्यांत, त्यात विदर्भातले अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा धानपट्टा, जिथं सिकलसेल जास्त, तो त्या यादीत नव्हता, याची चर्चा फार कमी झाली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव दिलं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली, अन् आता कोणतंही रेशन कार्ड असो, पाच लाखांपर्यंत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यात केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. ही सगळी खरी मदत आहे, हे मी मनापासून सांगतो, आधी लोकांनी शेत गहाण टाकलेलं आहे.

फक्त कार्ड चालतं ते लेकरू दाखल झालं अन् आजार पॅकेजमध्ये बसला तर. येण्या-जाण्याची गाडी, बाहेरून आणलेली गोळी, नागपूरला मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) चार दिवस राहणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी, हे कोणत्याच योजनेत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे पण ती न्यायला येते, घरी सोडायला नाही. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये सवलत आहे, बस जिथपर्यंत येते तिथपर्यंत. संजय गांधी निराधार योजनेतही सिकलसेलचे रुग्ण येतात, २०२३ मध्ये ती रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली, ते कितीतरी घरांना अजून कोणी सांगितलेलंच नाही. अन् घरी राहिलेल्या लेकराची शाळेतली खिचडी पण जाते, हा खर्च कोणी धरत नाही.

कोरोनात मात्र एक वेगळंच घडलं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या अन् आपल्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग परत उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. त्या काळात सरकारनंच सांगितलं की शाळा बंद आहे पण शिक्षण सुरू आहे. व्हॉट्सॲपवर स्वाध्याय आले, काही मास्तर पारावर, समाजमंदिरात पाच-पाच पोरं घेऊन बसले, कुणी मोबाईलला रेंज नाही म्हणून वहीत गणितं लिहून घरोघर दिली. पावणेदोन वर्षं राज्यातली लहान लेकरं घरी शिकली अन् त्यांना कोणी शाळाबाह्य म्हटलं नाही. शाळा उघडल्या अन् ती सगळी सोय गुंडाळली गेली. आजारी लेकरासाठी तरी ती चालू ठेवायला हवी होती, मास्तरांना ते जमतं हे सिद्ध झालेलं होतं.

शेवटचे काही टप्पे भराभर सांगतो. २०१७ मध्ये राज्यानं मुक्त विद्यालयाचा निर्णय घेतला, पाचवी, आठवी, दहावी, बारावीची परीक्षा बाहेरून देता येईल असा, त्यावरही टीका झाली की यानं लेकरं शाळेबाहेरच राहतील. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, तर आधीपासून आहेच. त्याच २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळायचं ठरलं, जंगलाकडच्या गावांना जवळची शाळा म्हणजे नाला ओलांडून पलीकडे. पावसाळ्यात तिथं धडधाकट पोरगं जात नाही, सिकलसेलचं कसं जाईल. २०२३-२४ पासून पाचवी अन् आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झालं तर पुरवणी परीक्षा आहे, पण गैरहजेरीमुळं मागं पडलेल्या लेकराला याचा धाक सगळ्यात जास्त.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अन् २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट. त्यामुळे आश्रमशाळांमध्ये, अंगणवाडीत तपासण्या वाढल्या, म्हणजे एसएस निघालेल्या लेकरांची नावं आता आरोग्य खात्याकडे आहेत. दुसऱ्या बाजूनं २०२४ मध्ये राज्यानं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक. हे शिक्षक आज दिव्यांग लेकरांच्या घरी जातात. आशा ताईकडे आजारी लेकराची यादी आहे, केंद्राच्या विशेष शिक्षकाकडे घरी जाण्याचं काम आहे, पण दोन्ही खाती वेगळी अन् ती यादी इकडून तिकडे जात नाही. सध्या काही पालक शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रिपोर्टची झेरॉक्स जोडून अर्ज देत आहेत, की दुखण्याचे दिवस आधी कळवलेली गैरहजेरी म्हणून नोंदवा अन् त्या आठवड्याचा अभ्यास घरी पाठवा. काही मुख्याध्यापकांनी हे मान्य केलं आहे. काहींनी वरून पत्र आणा म्हणून परत पाठवलं आहे.