जुन्या तिकिटाची तब्येत कशी तपासावी

पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं डिंक लावलेलं टपाल तिकीट. त्याच्या ६ कोटी ८० लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या आणि आजही ते बाजारात सहज मिळतं. दुर्मीळ आहे ती चारही बाजूंची पांढरी कड शाबूत असलेली प्रत. १८४० मध्ये हे तिकीट निघालं तेव्हा त्याला छिद्रं नव्हती. २४० तिकिटांचा ताव कात्रीने कापायचा आणि दोन तिकिटांमधली जागा अगदी चिंचोळी. कात्री जरा सरकली की एका तिकिटाला भरपूर कड मिळे आणि शेजारच्याचं चित्र कापलं जाई.

१८५४ मध्ये ब्रिटनमध्ये छिद्रांची तिकिटं आली, तरी अडचण मिटली नाही. कागद ओलसर करून त्यावर छापत. वाळताना तो आकसे, पण प्रत्येक ताव सारखा आकसत नसे. छिद्रं पाडणाऱ्या खिळ्यांमधलं अंतर मात्र ठरलेलं. त्यामुळे छिद्रांची रांग चित्रात घुसे. त्या काळच्या तिकिटात चित्र नेमकं मधोमध बसलं असेल तर तो योगायोग आहे, आणि संग्राहक त्याच योगायोगाचे जास्त पैसे मोजतात.

हे झालं जन्मजात दोषांचं. बाकीचं बरंचसं नुकसान संग्राहकांच्याच हातून झालेलं असतं. पूर्वी तिकिटं वहीत चिकटवायला हिंज, म्हणजे डिंक लावलेली कागदाची छोटी पट्टी, वापरत. ती ओढून काढली की तिकिटाच्या पाठीचे तंतू सोबत निघून येतात आणि तेवढी जागा पातळ होते. समोरून काहीच कळत नाही.

म्हणून तपासणी पाठीपासून सुरू करावी. तिकीट बोटांनी उचलू नये, बोथट व सपाट टोकांचा चिमटा घ्यावा. आधी दिव्याचा उजेड एका बाजूने, अगदी तिरका पाडावा, म्हणजे घड्या आणि दाबलेल्या सुरकुत्या सावलीसह दिसतात. मग काळ्या उथळ थाळीत तिकीट पालथं ठेवून त्यावर जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पातळ खूण, तपासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकावेत. हा द्रव पाण्यासारखा डिंक विरघळवत नाही. मात्र तो पेट घेतो, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको.

कोरडा कागद पांढरा दिसतो तो तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून. पोकळ्यांत द्रव भरला की विखुरणं कमी होतं, कागद पारदर्शक होतो आणि खालचा काळा रंग वर दिसू लागतो. कागद जिथे पातळ, तिथे तो आधी आणि गडद दिसतो. जलचिन्हही असंच उमटतं. चिन्हाच्या रेषा ठरावीक आकाराच्या असतात, हिंजने केलेली जखम वेड्यावाकड्या डागासारखी दिसते आणि दुरुस्त केलेला कोपरा वेगळ्याच छटेचा. हे सगळं काही सेकंदांत पाहून घ्यावं लागतं, कारण द्रव लगेच उडून जातो.

डिंकाची फसवणूक पकडायला दहापट भिंग पुरतं. छिद्रांवरून तिकीट फाडलं की प्रत्येक दाताच्या टोकाला मऊ, मोकळे तंतू राहतात. ताव छापून झाल्यावर डिंक लावत आणि छिद्रं त्यानंतर पाडत, त्यामुळे हे तंतू कोरडे असतात. मूळ डिंक शाबूत असल्याचं भासवायला नंतर कुणी नव्याने डिंक चढवला असेल तर तो टोकांपर्यंत झिरपतो आणि तंतू कडक होऊन एकमेकांना चिकटतात. एवढी एक खूण ओळखता आली तरी बरेच पैसे वाचतात.

वापरलेलं तिकीट पाण्यात घालून सोडवण्याआधी दहादा विचार करावा. शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून काही छापखाने मुद्दाम पाण्याला न टिकणारी शाई वापरत. ब्रिटनची १८८३-८४ ची हिरवी तिकिटं भिजली की त्यांचा हिरवा रंग फिका, पिवळट होतो आणि तो परत आणता येत नाही. अशी तिकिटं लिफाफ्याच्या तुकड्यावरच राहू द्यावीत. शिक्क्यासह पूर्ण लिफाफा हाती असेल तर त्याला कात्री लावूच नये, बहुतेकदा सुट्या तिकिटापेक्षा त्याचंच मोल जास्त असतं.

साठवणीसाठी पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लमुक्त पानं घ्यावीत. पीव्हीसीची पाकिटं टाळावीत, त्यांतलं मऊपणा आणणारं द्रव्य झिरपून शाई आणि कागद बिघडवतं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. ती ६५ च्या वर टिकून राहिली तर बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके पडतात.

रंग बदललेलं प्रत्येक तिकीट मात्र कायमचं बिघडलेलं नसतं. जुन्या नारिंगी आणि शेंदरी शायांमध्ये अनेकदा शिशाची संयुगं असत. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी त्यांची क्रिया होऊन काळं लेड सल्फाइड तयार होतं आणि तिकीट तपकिरी पडतं. संग्राहक याला ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, पण हा शब्द साफ चुकीचा आहे, इथे ऑक्सिजनचा दोष नाही. उलट ऑक्सिजनच उपाय करतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक ब्रशने फक्त चित्रावर लावलं की काळं सल्फाइड पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये बदलतं आणि खाली दबलेला नारिंगी वर येतो. रंग फिरताच थांबावं आणि तिकीट शोषकागदात वाळवावं. डिंक शाबूत असलेल्या तिकिटावर हा प्रयोग जोखमीचा, कारण ओल पाठीपर्यंत पोचते. आणि कुणी नारिंगी तिकिटाची ‘दुर्मीळ तपकिरी छटा’ चढ्या भावाने पुढे केली, तर आधी शिशाची आठवण ठेवावी.