बाइकला जादा लाइट लावायच्यात? पुण्यात आरटीओची मंजुरी कधी लागते आणि अर्ज कसा करायचा

पावसाळ्यात रात्री ताम्हिणी उतरलेल्या माणसाला जादा लाइट कशाला हव्यात, हे सांगावं लागत नाही. धुक्यात हेडलाइटचा उजेड परत डोळ्यांवरच येतो आणि रस्त्याची कडा कुठे संपते तेच कळत नाही. मुंबईकडे निघालात तरी दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद, म्हणजे खंडाळ्याचा जुना घाट आलाच. मग लांबच्या राइडआधी नाना पेठेत जाऊन लाइटची जोडी बसवून घेतली जाते आणि परवानगीचा विषय निघतो तो थेट चौकात गाडी अडवल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. ज्या लाइटला मंजुरी लागते, तिला ती बसवण्याआधीच घ्यावी लागते.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्याला नेमकी कोणती लाइट हवी आहे ते ठरवा. फॉग लाइटचा झोत रुंद, चपटा आणि खाली पडतो; रस्त्याच्या दोन्ही कडा त्यात उजळतात. स्पॉट लाइटचा झोत अरुंद असतो आणि लांब जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो हाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ स्पॉट लाइट आणि सर्च लाइटबद्दल आहे. अपवादात्मक परिस्थितीत आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी असेल तरच असा दिवा वाहनाच्या पुढच्या बाजूला लावता येतो. नोंदणी प्राधिकारी म्हणजे आपल्यासाठी आरटीओ.

फॉग लाइट तुमच्या मॉडेलसाठी बाइकच्या कंपनीनेच अधिकृत अ‍ॅक्सेसरी म्हणून दिली असेल आणि शोरूममध्येच बसवून घेतली असेल, तर मामला सोपा असतो. बिलावर पार्ट नंबर आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. बाहेरची फॉग लाइट घेणार असाल तर ती पांढरी किंवा पिवळी असावी, लो बीमच्या वर बसवू नये आणि तिला स्वतंत्र स्विच असावा. एप्रिल २०१७ पासूनच्या बाइकमध्ये हेडलाइट आपोआप चालू राहते, त्यामुळे जादा लाइटची वायर थेट हेडलाइटवर जोडली तर ती भर दिवसाही जळत राहील. समोर लाल दिवा किंवा लुकलुकणाऱ्या पट्ट्या लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

दुकानात हमखास ऐकायला मिळतं, ‘आरसीत लाइटची नोंदच नसते, मग परवानगी कसली?’ हे अर्धंच खरं आहे. आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं आणि लाइट त्या तपशिलात येत नाही, हे बरोबर. पण नियम १०६ (झोत समोरच्याला दिपवू नये, हा) आणि १११ चा आरसीशी संबंध नाही, ते दिव्यालाच लागू होतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ(४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

नियम १०६ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लाइट कितीही महाग असो, त्यातलं माप चुकलं तर तिचा उपयोग नाही. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो झोत दिपवता कामा नये. हे सोसायटीच्या पार्किंगमध्येच तपासता येतं. खडूने ८ मीटरची खूण करा, तिथे कुणाला तरी उभं करा आणि त्याचे डोळे दीड मीटरवर येतील एवढं वाकायला सांगा. मात्र तपासताना बाइक रिकामी ठेवू नका. दोन्ही पॅनियर (मागच्या चाकाशेजारच्या सामानाच्या पेट्या) भरा, मागे पिलियन बसवा आणि स्वतः सीटवर बसा. सामानाने मागचं सस्पेन्शन दबतं आणि पुढचा झोत वर उठतो. घरी नीट लावलेली लाइट घाटात समोरच्याला आंधळं करते ती याच कारणाने. समोरून येणारा दूधवाला पहाटेच्या अंधारात, कॅनच्या ओझ्यासह, दरीच्या कडेने चाललेला असतो. त्याच्या जिवाला आपल्या लाइटने धोका होता कामा नये.

आता अर्ज. तो आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर सही वडिलांची हवी. एमएच १२ साठी संगम पुलाजवळचं पुणे कार्यालय, एमएच १४ साठी पिंपरी-चिंचवडचं. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्यांची गाडी अनेकदा गावच्या पासिंगची असते. इथेच कायम राहणार असाल तर आधी फॉर्म ३३ भरून पत्ता बदलून घ्या, म्हणजे कोणत्या कार्यालयात जायचं हा प्रश्न उरत नाही.

अर्ज नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नावे, मराठीत लिहिलेला चालतो. त्यात गाडीचा आणि चेसिसचा नंबर, दिव्याचा प्रकार, संख्या, वॅट, रंग आणि बसवण्याची जागा लिहा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती जोडा. दिव्याचं कोटेशन आणि उत्पादकाकडचं चाचणी प्रमाणपत्रही लावा. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. प्रमाणपत्र मागितल्यावर विक्रेता विषय बदलू लागला, तर ती लाइट घेऊ नका. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागू शकतं.

स्पॉट लाइट मागत असाल तर ‘अपवादात्मक परिस्थिती’ काय आहे ते एका परिच्छेदात ठोस लिहा. नियमात तिची व्याख्या नाही, ठरवणार अधिकारीच. रात्रीच्या बचावकार्यात तुमची बाइक वापरली जात असेल तर संस्थेचं पत्र जोडा. ‘लडाखला जायचंय’ एवढ्या कारणावर मंजुरी मिळेल असं धरून चालू नका. माझं स्पष्ट मत असं, की सह्याद्रीत फिरणाऱ्याला स्पॉटची गरज नाही. घाटात वळणं इतकी जवळजवळ असतात की लांबचा झोत दरीतच जातो. तिथे कामाला येते ती खाली पडणारी रुंद पिवळी फॉग लाइट.

अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. एजंटाच्या हातात कागद देऊन निघून आलात तर नंतर दाखवायला काही उरत नाही. बरेच दिवस उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्जाची स्थिती विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गाडी दाखवायला बोलावलं तर ज्या कोनात झोत लावला आहे, तसाच ठेवून न्या.

बसवताना रिले (लाइटचा करंट स्विचमधून न जाऊ देणारा छोटा भाग) आणि फ्यूज घालूनच बसवा. २० वॅटच्या दोन लाइट १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर ओढतात, त्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. वायर कापलेली असेल तर शॉर्ट सर्किटच्या क्लेममध्ये विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. त्या कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीवर इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीची नोंद घ्या. त्या एंडोर्समेंटला आयएमटी २४ म्हणतात आणि नोंद नसेल तर त्या लाइटचे पैसे क्लेममध्ये धरले जात नाहीत.

मंजुरीचं पत्र आलं की त्याच्या दोन झेरॉक्स काढा. डिजिलॉकरमध्ये आरसी दिसते, हे पत्र दिसणार नाही. एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून सीटखाली ठेवा आणि मूळ पत्र घरी.