आपत्तिग्रस्तांसाठी प्रार्थना (ख्रिस्ती)

भूकंप, महापूर, वादळ, दुष्काळ अशा आपत्तींतून वाचलेल्यांसाठी ख्रिस्ती मंडळीने देवाला घातलेले साकडे, आणि त्याच्या जोडीने त्यांना दिलेला प्रत्यक्ष हातभार. दुसऱ्याची बाजू घेऊन केलेल्या अशा विनवणीला ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात. ती उपासनेत सामुदायिकपणे होते, तशी घरी एकट्यानेही करता येते.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील ग्रंथांत, येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असे वाचायला मिळते. तिथले मूळ ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या नामावरून बनले आहे. मराठीत ‘आतडे तुटते’ म्हणतात, तेच हे. त्यामुळे दुरून केलेली कोरडी हळहळ या करुणेत बसत नाही. याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) तर उघड्या-उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्याची चांगलीच हजेरी घेतली आहे. प्रार्थना आणि भाकरी यांची फारकत या परंपरेला पहिल्यापासून अमान्य आहे, निदान कागदावर तरी.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात (११:२७-३०) याचे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे. मोठा दुष्काळ पडणार असे अगब नावाच्या संदेष्ट्याने सांगितले, सम्राट क्लौद्य याच्या काळात (इ.स. ४१–५४) तो पडलाही. अंत्युखियातील शिष्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून ती बर्णबा व शौल (पुढचा पौल) यांच्या हाती यहूदीयात पाठवली. तिसऱ्या शतकाच्या मध्यास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये साथ पसरली, तेव्हा बिशप सिप्रियन यांनी केवळ आपल्याच लोकांची सेवा करण्यात काही विशेष नाही, असे मंडळीला बजावले. इ.स. ३६९च्या सुमारास कॅपाडोशियात (आजच्या तुर्कस्तानात) दुष्काळ पडला. तिथे धर्मगुरू बेसिल यांनी धान्य दडवून बसलेल्या श्रीमंतांची कोठारे प्रवचनांच्या जोरावर उघडायला लावली. त्यांचे मित्र नाझिआन्झसचे ग्रेगरी यांनी मृत्युलेखात सांगितलेला प्रसंग मोठा बोलका आहे: भुकेलेल्यांना एकत्र बसवलेले, समोर कढणाची भांडी, आणि बेसिल स्वतः कमरेला वस्त्र बांधून वाढायला उभे.

आपत्तीतून उपासनेचे नवे प्रकारही जन्मले. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन शहराला भूकंप आणि आगींनी हैराण केल्यावर बिशप मामेर्टस यांनी इ.स. ४७०च्या सुमारास येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपास आणि मिरवणुकीने विनवणी करण्याची प्रथा पाडली. ५११च्या ऑर्लेआं परिषदेने ती सगळ्या गॉलला लागू केली. ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवाना, पवित्र अमरा, आम्हांवर दया कर’ या पूर्वेकडील चर्चच्या प्रार्थनेचा उगमही परंपरा पाचव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) भूकंपाशी जोडते. रोमन कॅथलिक मिस्सा-ग्रंथात भूकंप, दुष्काळ आणि वादळ यांसाठी आजही वेगवेगळ्या प्रार्थना आहेत. नेहमीच्या उपासनेत मात्र रीत साधी असते. एकजण आपत्तीच्या जागेचे नाव घेतो, मृत, जखमी, बेघर, बचावकार्य करणारे असा एकेकासाठी विनंती करतो, आणि प्रत्येक विनंतीनंतर सारे म्हणतात, ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ मग काही क्षण कोणीच बोलत नाही. त्यानंतर दानाची थैली फिरते.

खरी अडचण ‘का?’ या प्रश्नाशी येते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. चर्चे भाविकांनी भरलेली होती; ती त्यांच्याच अंगावर कोसळली, आणि पाठोपाठ आग आणि समुद्राच्या लाटा आल्या. हा पापांचा दंड आहे, असे जेझुइट धर्मगुरू मालाग्रिदा यांनी छापून सांगितले. मोडलेले शहर उभे करू पाहणाऱ्या मंत्री पोंबाल यांना ते मानवणारे नव्हते. मालाग्रिदांना शहराबाहेर घालवण्यात आले. पुढे १७६१मध्ये पाखंडाच्या आरोपावरून त्यांना मृत्युदंड झाला. दंडाची ही भाषा अजूनही अधूनमधून कानावर येते. वास्तविक लूकच्या शुभवर्तमानात (१३:४) शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते काय, असे विचारून येशू स्वतःच ‘नाही’ असे उत्तर देतो. त्याच दमात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हेही खरे. पण मेलेल्यांचा हिशेब तो मांडत नाही.

म्हणून आपत्तिग्रस्तांसोबतच्या प्रार्थनेत खुलाशापेक्षा विलापाला जागा अधिक. बायबलमधील स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. त्यांनी तोंड उघडले आणि सारे बिघडले. अनुभवी धर्मसेवक त्यामुळे ‘देवाची इच्छा’ हे शब्द टाळतात. समोरच्याला आधी बोलू देतात, प्रार्थना हवी का असे विचारतात, आणि नकार मिळाला तर पाण्याची बाटली देऊन तिथेच बसून राहतात.

मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. १९९४च्या आपत्ती-मदत आचारसंहितेने यावर रेघ ओढली: मदत गरज पाहून द्यायची, पंथ पाहून नाही, आणि तिचा वापर कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. रेडक्रॉसबरोबर ती पुरस्कृत करणाऱ्यांत १९५१मध्ये स्थापन झालेली कॅथलिक मदतसंस्था कॅरितास इंटरनॅशनालिस आणि जागतिक चर्च परिषद याही होत्या. चांगल्या छावणीत म्हणूनच ब्लँकेटची रांग एकीकडे आणि प्रार्थनेचा तंबू दुसरीकडे असतो.

बातमी जुनी झाली की प्रार्थनाही आटते, ही नेहमीची उणीव. वर्षश्राद्धासारखी वार्षिक स्मरणोपासना ती थोडी भरून काढते. ऑर्थोडॉक्स पंचांगात २६ ऑक्टोबरला इ.स. ७४०च्या कॉन्स्टँटिनोपलच्या भूकंपाचे स्मरण अजूनही केले जाते.