वास्तुसंकल्पनाचे पदव्युत्तर शिक्षण (बडोद्याच्या संदर्भात)

वास्तुसंकल्पन म्हणजे इमारतीची रचना ठरवणे. त्याचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे बी.आर्क. या वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीनंतर घेतले जाणारे, बहुधा दोन वर्षांचे म्हणजे चार सत्रांचे शिक्षण, पदवी एम.आर्क. दिशा पाहून घर सुचवणाऱ्या वास्तुशास्त्राशी त्याचा संबंध नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालील नोंदणीला बी.आर्क. पुरते, त्यामुळे एम.आर्क.ने व्यवसायाचा नवा परवाना मिळत नाही. पदवीच्या वर्षांत काय बांधायचे ते शिक्षक सांगतात: इतक्या खाटांचे रुग्णालय, इतक्या वर्गांची शाळा. एम.आर्क.च्या स्टुडिओत, म्हणजे संकल्पनाच्या प्रत्यक्ष कामाच्या वर्गात, प्रश्नच विद्यार्थ्याने शोधायचा असतो, आणि हुशार मुलेही तिथेच अडखळतात.

प्रश्न शोधायला बडोद्यासारखे गाव विरळा. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले आणि हस्तकौशल्य व तंत्रशिक्षण एका छपराखाली आणले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. त्याआधी, १९१६ मध्ये, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी बडोद्याच्या विकासावर अहवाल लिहिला होता. आधी गाव पायी हिंडून समजून घ्यावे, मग आराखडा करावा, ही गेडीस यांची पद्धत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

लक्ष्मीविलास राजवाडा सगळे पाहतात. त्याचे संकल्पन मेजर चार्ल्स मँट यांचे. १८८१ मध्ये ते वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुरे केले. अभ्यासाला मात्र तांबेकर वाडा जास्त देतो. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. भिंतींवरची महाभारत आणि कृष्णलीलेची चित्रे पाहायला लोक येतात. विद्यार्थ्याने टेप घेऊन खण मोजावेत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. लाकडाची तुळई किती लांब मिळते आणि किती भार पेलते, यावर खण ठरतो. खणांवरून खोली आणि खोल्यांवरून चौक. मराठी माणूस घर ‘पाच खणी’ म्हणून सांगत असे, तेव्हा तो नकळत पूर्ण नकाशाच सांगत असे. काँक्रीटमध्ये हे बंधन सुटले. मग खोलीचे माप आता कशावरून ठरवायचे? एका प्रबंधाला एवढा प्रश्न पुरतो.

दुसरा मोठा विषय विश्वामित्री नदीचा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला. पूरपात्रालगतच्या जागेवर संकल्पन करताना जोत्याची उंची, पाणी मुरायला सोडलेली जमीन आणि नदीतल्या मगरी हे सगळे एकाच ड्रॉइंगवर यावे लागते.

शेवटचे सत्र प्रबंधाचे. जुरीपुढे, म्हणजे परीक्षकांच्या मंडळापुढे, ड्रॉइंग आणि मॉडेल मांडून संकल्पनाचे समर्थन करावे लागते. सुबक रेंडरपेक्षा (संगणकावर केलेल्या हुबेहूब चित्रापेक्षा) इमारतीचा छेद, म्हणजे ती उभी कापून आतली बाजू दाखवणारे ड्रॉइंग, नीट काढलेला असणे महत्त्वाचे, कारण उजेड, वारा आणि माणसाची उंची छेदातच दिसते.

दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक साधन येऊ शकते. गायकवाडी दप्तरातले बरेच जुने कागद मोडी लिपीत आहेत. जुन्या वास्तूचा अभ्यास करणाऱ्याने मोडी शिकून घेतली, तर भिंती मोजण्याबरोबर हे कागदही त्याला स्वतः वाचता येतील.