गुळाचा रवा आणि लाल गोळी

"गूळ खा की गं, रगात वाढतंय." कोल्हापुरात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ९ वर आलं की घरातून पहिला सल्ला हाच येतो. गूळ इथलाच, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि गोळीसारखी त्याने मळमळ होत नाही. आता या सल्ल्याच्या जोडीला फोनवर फिरणारा एक नवा सल्ला आलाय : लोहाची गोळी रोज घ्यायचीच नसते, एक दिवसाआड घ्यायची. गुळाचा सल्ला हिशेबात बसत नाही. दुसऱ्याच्या मागे चांगलं संशोधन आहे, पण ते अर्धंच वाचलेलं.

आधी गुळाचा हिशेब. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईच्या वाढत्या लाल पेशींत जातं आणि २०० नेहमीच्या झिजेत. पहिले तीन महिने पाळी बंद असल्यामुळे गरज कमीच असते. शेवटच्या महिन्यांत मात्र रोज ५-६ मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त लोह रक्तात उतरावं लागतं. पोटात जाणं वेगळं, रक्तात उतरणं वेगळं.

१०० ग्रॅम गुळात लोह साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास. थोडं उसातून येतं, थोडं लोखंडी काहिलीतून, त्यामुळे गुऱ्हाळागणिक आकडा बदलतो. २० ग्रॅमचा खडा घेतला तर त्यात १ मिलिग्रॅम, आणि त्यातलं शंभरात ८ भाग शोषलं गेलं असं धरलं तर रक्तात जातं ०.०८ मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलिग्रॅमसाठी असे साठेक खडे लागतील. किलोचा अख्खा रवा, म्हणजे ढेप, संपवून वर पाव किलो, रोज. त्यातून पाच हजारांच्या आसपास कॅलरी जातील आणि हिमोग्लोबिनच्या आधी साखर वाढलेली सापडेल. गूळ गोडीसाठी खावा, औषध म्हणून नको.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या साखरेच्या वेष्टनातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. औषधाच्या दुकानातून घेतलेल्या पाकिटावर 'इलेमेंटल आयर्न', म्हणजे खऱ्या लोहाचा आकडा शोधावा, मोठ्या अक्षरातला नव्हे. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये खरं लोह ६५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या एक तृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के.

आता आतड्यात शिरू. जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग येतो आणि लोहाचा बहुतेक व्यवहार तिथेच होतो. आतड्याच्या अस्तरावर पेशींचा एकच थर असतो. प्रत्येक पेशीचं एक तोंड अन्नाकडे, दुसरं रक्ताकडे. अन्नाकडून लोह आत येतं ते फेरस रूपात. भाजी-डाळीतलं लोह बहुतांशी फेरिक असतं, त्याला आधी एक इलेक्ट्रॉन मिळावा लागतो. पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विकर हे काम करतं, आणि लिंबातलं क जीवनसत्त्वही. तांबड्या रस्स्यातल्या मटणाचं लोह हीम नावाच्या लाल रेणूत गुंतलेलं असतं, त्याचा रस्ताच निराळा आणि सोपा. आत आलेलं लोह फेरिटिन नावाच्या पोकळ प्रथिनात साठवता येतं. पण तिथून रक्तात जायला दार एकच, फेरोपोर्टिन. पेशीतून लोह बाहेर सोडणारं दुसरं प्रथिन माणसात आजवर सापडलेलं नाही.

या दाराचा रखवालदार बसतो यकृतात. त्याचं नाव हेप्सिडिन, अवघ्या २५ अमिनो आम्लांची साखळी. २००० च्या सुमारास तो सापडला तेव्हा जंतूंशी लढणारा एखादा रेणू असावा असं वाटलं होतं. २००४ मध्ये त्याचं खरं काम कळलं. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला येऊन चिकटतं, आणि मग पेशी ते दार चौकटीसकट आत ओढून मोडून टाकते. लोह पेशीतच अडकतं. आतड्याची पेशी जगते तीन ते पाच दिवस. मग ती झडते आणि अडकलेलं लोह घेऊन शौचावाटे निघून जाते. शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायची दुसरी सोयच नाही. मूत्रपिंडं मीठ फेकतात तसं लोह फेकत नाहीत. म्हणून सगळी राखण आत येण्याच्या दारावर.

यकृत रक्तातल्या ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनावर किती लोह बसलंय ते सतत तपासतं. ६० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर काही तासांत हे लोह एकदम वाढतं, यकृत हेप्सिडिन सोडतं आणि पुढचे साधारण २४ तास दार आखडतं. दुसऱ्या दिवशीची गोळी या आखडलेल्या दारावर येऊन आपटते. एक दिवस जाऊ दिला तर हेप्सिडिन उतरतं.

२०१७ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी ४० बायकांवर हे मोजून दाखवलं. काहींना १४ गोळ्या रोज एक अशा दिल्या, काहींना त्याच १४ गोळ्या एक दिवसाआड, म्हणजे २८ दिवसांत. रोजच्या गटात १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआडच्या गटात २१.८ टक्के. फोनवरचा सल्ला इथे थांबतो. पुढचे आकडे पाहा : रोजच्या गटात १४ दिवसांत १३१ मिलिग्रॅम रक्तात गेलं, दिवसाआडच्या गटात २८ दिवसांत १७५. दर गोळीमागे दिवसाआड फायद्याचं, दर दिवसामागे रोजचं. ज्या बाईला पाळीत जास्त रक्त जातं आणि जिच्या हाताशी सहा महिने आहेत, तिला पहिला हिशेब लागू. सातव्या महिन्यातल्या बाईला दुसरा, कारण बाळंतपणाची तारीख कुणासाठी थांबत नाही. शिवाय त्या ४० जणी गरोदर नव्हत्या. गरोदरपणात चौथ्या महिन्यानंतर शरीर स्वतःच हेप्सिडिन खाली आणतं आणि दार सताड उघडं ठेवतं. म्हणून गरोदर बाईने रोजची गोळी मनाने दिवसाआड करू नये. मळमळ आणि बद्धकोष्ठतेने गोळ्या फेकून देण्याची वेळ आली असेल, तर डॉक्टरांना सांगून दिवसाआड करता येते. न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्याच अभ्यासात गोळी सकाळ-संध्याकाळ वाटून दिल्याने शोषण वाढलं नाही, हेही दिसलं.

जे हातात आहे ते असं. गोळी सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नको, चहानंतर लगेचही नको, तासभर जाऊ द्या. चहातली टॅनिन लोहाला धरून बसतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध चांगलंच, पण गोळी त्याच्याबरोबर गिळू नये, कारण कॅल्शियम लोहाच्या आड येतं. हीच चूक कॅल्शियमच्या गोळीची. दोन्ही पाकिटं एकाच डब्यात असतात आणि दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर जातात. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यावं, लोह त्यापासून दोन तास दूर. भाजी-भाकरीवर आणि हळिवाच्या लाडवाच्या मिश्रणात लिंबू पिळलं तर जेवणातलं लोह जास्त लागतं. क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी मात्र विकत घेऊ नये. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४४० रुग्णांच्या चाचणीत लोहाबरोबर ती दिल्याने हिमोग्लोबिन जास्त वाढलं नाही. उपाशीपोटी उलटी होत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या. शोषण थोडं घटेल, पण गोळी पोटात तरी राहील.

शौच काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यावरून 'बाळ काळं होतं' हा समज निघालाय आणि आशाताईंच्या हातून घेतलेली कितीतरी पाकिटं त्याच्यापायी फडताळात पडून राहतात. बाळाचा रंग आईबापांच्या जनुकांवर ठरतो. आणि ग्रहणाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच.

आता हिमोग्लोबिनचा आकडा. गरोदरपणात रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून आकडा थोडा उतरणं स्वाभाविक आहे. ११ च्या खाली गेला की ॲनिमिया म्हणतात, आणि ७ ते १०.९ मध्ये सरकारी पद्धतीनुसार दिवसाला दोन गोळ्या देतात. महिन्याने पुन्हा तपासून निदान १ ग्रॅमची वाढ दिसली पाहिजे. नाही दिसली तर आधी विचारायचं : गोळी खरंच घेतली जाते का, कशाबरोबर? मग जंत, बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष. पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण. बायका ते लाजून सांगत नाहीत, म्हणून विचारावं लागतं.

दिवस थोडे उरले असतील किंवा आकडा ७ च्या खाली असेल तर शिरेतून लोह देतात. ते आतड्याचं दार वगळून थेट रक्तात जातं. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. आयर्न सुक्रोजसाठी अनेक फेऱ्या लागतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमध्ये एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं. गगनबावड्याकडच्या बाईला कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात येण्यासाठी पन्नासेक किलोमीटर पडतात, तिला हा फरक फार मोठा. आकडा ५ च्या खाली असेल तर मात्र त्याच दिवशी भरती व्हायला हवं.

ही घाई रक्तस्रावासाठी. ॲनिमिया असलेल्या बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी झेपत नाही. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियात अशा पंधरा हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना नाळेला चिमटा लावताच रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला : रक्तस्राव टळण्याचं प्रमाण त्याने वाढलं नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर ते औषध उपयोगी आहेच, पण आधीच्या महिन्यांत न भरलेलं लोह ऐनवेळच्या इंजेक्शनने भरून निघत नाही.

आणि गोळ्यांचा डबा उंचावर ठेवा. लाल, गोड वेष्टनाची गोळी घरातल्या थोरल्या पोराला चॉकलेटसारखी दिसते. १० किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह होतं, आणि तेवढं जिवावर बेतू शकतं. आधी उलट्या होतात, मग काही तास मूल बरं दिसतं. त्या बरं दिसण्यावर विसंबून घरी थांबू नये. उरलेल्या गोळ्या मोजायच्या, पाकीट बरोबर घ्यायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.