लगाम धरणाऱ्या बोटांची ऊब

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी शहराच्या परिसरात, घोडेस्वारी हिवाळ्यातही थांबत नाही. जानेवारीत तिथले सरासरी तापमान उणे 7 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि एखाद्या रात्री ते उणे 20 च्या खाली उतरते. तरीही घोड्याला हालचाल हवीच असते आणि स्वाराला तबेल्यातून बाहेर पडावेच लागते. पुण्याच्या पहाटगारव्यात पातळ चामडी हातमोज्यांवर निभावून नेलेला एखादा मराठी स्वार तिथे गेल्यावर साहजिकच दुकानातले सर्वांत जाड हातमोजे उचलतो. बर्फातून पायी चालताना ते उत्तम असतात, पण खोगिरावर बसून लगाम हाती घेतला की तो मुठीत आहे की निसटला आहे, हेच कळेनासे होते.

लगाम करंगळी आणि अनामिका यांच्या मधून तळव्यात येतो आणि तर्जनीवरून वर निघताना अंगठ्याखाली दाबून धरला जातो. त्याचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या दांडीला, म्हणजे ‘बिट’ला, जोडलेले असते. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये जी मोकळी जागा असते तिथे हे बिट राहते, आणि त्या जागी हाडावर हिरडीचा केवळ पातळ थर असतो. बधिर बोटांनी दिलेला ओढा स्वाराला हलका वाटला, तरी घोड्याला तो पुरेपूर जाणवतो. हातमोजे निवडताना स्वाराच्या सुखाइतकाच घोड्याच्या तोंडाचाही विचार करायचा, तो यामुळे.

बोटेच आधी का गारठतात, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. उष्णता निर्माण करणारे स्नायू बोटांत जवळपास नसतातच. बोटे हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, तेवढ्या बोटांपर्यंत पोचतात. बोटांची ऊब सर्वस्वी रक्तावर अवलंबून असते, आणि शरीराचा गाभा थंड होऊ लागला की मेंदू सर्वांत आधी बोटांच्याच रक्तवाहिन्या आवळून घेतो. थंडीत बोटे पांढरी पडल्यावर काही मिनिटांनी त्यांत पुन्हा ऊब उसळते, असे ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये नोंदवले होते. परंतु अंग गारठलेले असेल तर ही उसळी क्षीण पडते. त्यामुळे छातीवरचा कोट आणि मनगटाला घट्ट न होता झाकणारी बाही, ही हातमोज्याचीच अर्धी कामगिरी आहे, असे मी मानतो. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण 15 अंशांखाली गेले की बक्कल लावण्यासारखी नाजूक कामे अडखळू लागतात, आणि 8 अंशांच्या सुमारास स्पर्शज्ञान झपाट्याने मंदावते.

मग मोजा हवा तितका जाड का करू नये? अडचण बोटाच्या गोलाईत आहे. सपाट भिंतीवर अस्तर दुप्पट केले तर अस्तरातून जाणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. बोट मात्र बारीक दंडगोल आहे: 16 मिलिमीटर व्यासाच्या बोटाभोवती 8 मिलिमीटर जाडीचे अस्तर घातले की बाहेरचा व्यास 32 मिलिमीटर होतो, म्हणजे थंड हवेला उघडा पडणारा पृष्ठभागही दुप्पट होतो. जाडी वाढत जाते तसा तिचा फायदा घटत जातो आणि बोटांची हालचाल तेवढी हरवते. सगळी बोटे एकाच पिशवीत ठेवणारे मोजे अधिक उबदार असतात ते यामुळेच, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात आणि एकूण पृष्ठभाग आटतो. स्वारांसाठी यातला एक चांगला मधला मार्ग निघाला आहे. खेकड्याच्या नांगीसारख्या दिसणाऱ्या या मोज्यात बोटांचे दोन कप्पे असतात, आणि करंगळी एका कप्प्यात व उरलेली बोटे दुसऱ्यात, अशी विभागणी असेल तर लगाम नेहमीच्याच जागेतून जाऊ शकतो. खरेदी करताना फट नेमकी कोणत्या बोटांमध्ये आहे, हे आवर्जून पाहावे.

ऊब खरे तर कापडाची नसतेच. कापडात अडकलेल्या स्थिर हवेची असते. लोकर, पिसे, किंवा ‘थिन्सुलेट’सारखे अतिसूक्ष्म कृत्रिम तंतू, या सर्वांचे काम हवेला हलू न देणे एवढेच आहे. मात्र मूठ आवळली की तळव्याकडचे अस्तर चेपते, त्यातली हवा निघून जाते आणि उरतो तो निव्वळ जाडेपणा. याउलट हाताची पाठ वाऱ्यासमोर असते आणि तिथले अस्तर कधी दाबले जात नाही. तेव्हा स्वाराच्या हातमोज्याला दोन बाजू असाव्यात: पाठीवर फुगीर अस्तर व वारा अडवणारे कापड, आणि तळव्याकडे पातळ, मऊ, न घसरणारे चामडे किंवा कृत्रिम स्वेड, म्हणजे लवदार चामड्यासारखे कापड. हा एक नियम पाळला तरी बाजारातले निम्मे मोजे आपोआप बाद होतात. वाऱ्याचे म्हणाल, तर दुडक्या चालीने जाणारा घोडा हवा शांत असतानाही ताशी 13 किलोमीटरच्या आसपास वारा निर्माण करतो. शून्य अंश तापमानात ताशी 20 किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला तो उणे 5 अंशांसारखा झोंबतो.

कॅलगरीत याहून फसवा शत्रू आहे ओलावा. रॉकी पर्वतावरून उतरणारे ‘चिनूक’ नावाचे उबदार वारे काही तासांत तापमान 20 अंशांनी चढवू शकतात. बर्फ वितळते, लगाम भिजतो, घोड्याची आयाळ ठिबकू लागते, आणि सकाळी उणे 12 अंशांत तगलेला हात दुपारी अधिक 2 अंशांत गोठतो. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, आणि अस्तरातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की जाडी कुचकामी ठरते. सुती मोजे इथे सर्वांत वाईट. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प ओले न वाटता शोषते आणि शोषताना थोडी उष्णताही देते, त्यामुळे आत मेरिनो लोकरीचा किंवा रेशमाचा पातळ मोजा आणि वर वारा-पाणी अडवणारा दुसरा, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. जलरोधक पडदा असलेले मोजे घेताना मात्र एक बारकावा तपासावा. बाहेरचे कापड, पडदा आणि अस्तर हे तीन थर एकमेकांना चिकटवलेले नसतील, तर ते मुठीत एकमेकांवर सरकतात आणि लगामाचा निरोप वाटेतच विरतो.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. मोजा घालून करंगळी आणि अनामिकेच्या मधून एखादा पट्टा किंवा जाड नाडी घ्यावी, मूठ मिटावी, डोळे बंद करावेत आणि सोबत्याला दुसरे टोक हळूच, अनियमितपणे ओढायला सांगावे. प्रत्येक ओढ कळली तर मोजा कामाचा. बोटांच्या फटीत शिवण टोचत असेल, तर तासाभराच्या स्वारीत तिथे फोड येणारच. मूठ मिटल्यावर बोटांच्या टोकांशी थोडी हवा शिल्लक राहिली पाहिजे. घट्ट मोजा रक्तही रोखतो आणि हवेलाही जागा ठेवत नाही. थंडीत ज्यांची बोटे पांढरी-निळी पडून दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशांना बॅटरीवर तापणारे मोजे उपयोगी पडू शकतात.

खरारा करणे, लीद काढणे, पाण्याच्या बादल्या उचलणे यांसाठी मोज्यांची वेगळी जोडी ठेवावी, कारण या कामांत हात घामेजतात आणि तेच मोजे घालून खोगिरावर बसले की तो घाम थंड पडतो. भिजलेले चामडी मोजे हीटरवर वाळवू नयेत. अतिउष्णतेने चामडे आकसून कडक होते. गोठलेले बिट घोड्याच्या तोंडात घालण्यापूर्वी ते उघड्या तळहातांत धरून गरम करण्याची अनेकांना सवय असते. त्यामागची माया खरी आहे, पण पोलाद बोटांची उष्णता भराभर ओढून घेते आणि स्वार गारठलेल्या हातांनीच स्वारीला सुरुवात करतो. त्यापेक्षा बिटसकट लगाम आदल्या रात्रीच उबदार खोलीत टांगून ठेवावा आणि घोड्याला चढवण्याच्या अगदी आधी बाहेर आणावा.