त्या दहा मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं?

खुनाच्या केसमध्ये वकिलाने आरोपी मनोरुग्ण आहे म्हटलं की लोक लगेच म्हणतात, झालं, आता हा सुटणार. मला हे दरवेळी खटकतं, कारण नुसता आजार आहे म्हणून कोणी सुटत नाही. स्किझोफ्रेनिया असलेला माणूसही चोरी करू शकतो, आणि आपण चोरी करतोय हे त्याला पक्कं माहीत असू शकतं. कोर्टाला बघायचं असतं ते एवढंच, की गुन्ह्याच्या त्या दहा मिनिटांत आपण काय करतोय आणि ते चुकीचं आहे हे त्याला कळत होतं का.

ही कसोटी आली 1843 मध्ये. लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सेक्रेटरी एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली, पील यांच्या टोरी पक्षाचे लोक आपला छळ करतायत असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की राणी व्हिक्टोरियासुद्धा चिडली आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाने) न्यायाधीशांकडून नियम स्पष्ट करून घेतले.

खरी अडचण पुढेच आहे. फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट, म्हणजे कोर्टासाठी आरोपीची मानसिक तपासणी करणारा तज्ज्ञ, आरोपीला भेटतो तोवर बरेचदा कित्येक महिने गेलेले असतात, गोळ्या सुरू झालेल्या असतात, समोरचा माणूस शांत बसून नीट बोलत असतो. मग जुने मेडिकल पेपर, घरच्यांचं म्हणणं, साक्षीदार, सीसीटीव्ही, त्या आठवड्यातले मेसेज असं एकेक जुळवत मागे जावं लागतं. हत्यार लपवलं का, कपडे धुतले का, पळाला का, हे फार बोलकं असतं, कारण आपण चुकीचं केलंय हे त्याला कळत होतं असं त्यातून दिसतं. पण घाई इथेही नको, कारण मारेकरी मागे लागलेत असा भ्रम असलेला माणूस त्या भीतीनेही पळेल.

आणि आजाराचं, काही आठवत नसल्याचं सोंग घेणारे? त्यांच्यासाठी एक टेस्ट आहे, ती मला जाम आवडते. 50 चित्रं दाखवतात, मग दोन-दोन चित्रं समोर ठेवून विचारतात, यातलं आधी कुठलं बघितलंस? काहीच आठवत नसलं तरी नुसत्या अंदाजाने साधारण 25 बरोबर येतात, त्यामुळे कोणाची 10-12च बरोबर आली तर त्याला बरोबर उत्तरं माहीत होती आणि तो मुद्दाम चुकत होता असंच म्हणावं लागतं. अर्थात तज्ज्ञही फसतात. न्यूयॉर्कचा माफिया बॉस व्हिन्सेंट जिगांते कित्येक वर्षं बाथरोब घालून पुटपुटत रस्त्यावर फिरायचा, डॉक्टरांनी त्याला आजारी ठरवलं होतं, शेवटी 2003 मध्ये त्याने कोर्टात कबूल केलं की ते नाटक होतं. (त्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता, खटला चालवण्याइतका तो आज शुद्धीवर आहे का हा. लोक या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात.)

आणि तो 'सुटलेला' मॅकनॉटन घरी गेलाच नाही. आधी बेथलेम, मग ब्रॉडमूर, अशा मनोरुग्णालयांतच 22 वर्षं काढून 1865 मध्ये तो तिथेच वारला.